निर्गुडीला काटे नसतात

"ताई, हा माणूस माफी मागायला बसलाय की मला शहाणपण शिकवायला?"

साहेबांचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. टेबलावर एका वाटीत डोकी उडालेले सात बोल्ट होते. पलीकडे कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे 'लाओपान' म्हणत, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मध्ये मी, दुभाषी. चूक माझ्या तोंडून झाली होती आणि खोलीत ती फक्त मलाच कळली होती.

ठिकाण होतं युंगन्येन. चीनच्या हपै प्रांतातल्या हान्तान शहराचा हा जिल्हा, बीजिंगहून वेगवान रेल्वेने साधारण दोन तास. नटबोल्टचा व्यापार करणाऱ्याला हे नाव ठाऊक असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकामागून एक दुकानं, आणि प्रत्येकात बोल्ट, नट, वॉशर, खिळे. साहेब भोसरीचे. यंत्र बनवणाऱ्यांना बोल्ट पुरवणं हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. त्यांनी इथून 12.9 ग्रेडचे, म्हणजे फार कडक पोलादाचे, झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) केलेले बोल्ट मागवले होते. ते बसवले, नीट आवळले, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरूही झालेलं नसताना त्यांची डोकी एकेक करून निखळून पडली.

कारण दोन्ही बाजूंना माहीत होतं. इतक्या कडक पोलादाला प्लेटिंगआधी आम्लात बुडवलं की त्यात हायड्रोजन शिरतो, आणि प्लेटिंग होतानाही शिरतो. म्हणून प्लेटिंग झाल्यावर लगेच माल साधारण 200 अंशांवर कित्येक तास भाजावा लागतो. नाहीतर तो वायू आतच राहतो आणि बोल्ट ताणाखाली आला की काही तासांनी, कधी एखाद्या दिवसाने, काचेसारखा तुटतो. इथे प्लेटिंग बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं होतं आणि त्याने माल भाजलाच नव्हता. लाओपान त्याच्याबद्दल म्हणाले, "थोउ कुंग च्येन ल्याओ." मी सांगितलं, "कामात अंगचोरी, मालात काटछाट." साहेबांनी मान डोलावली. तिथपर्यंत ठीक होतं.

मग लाओपान म्हणाले, "वांग यांग पू लाओ."

चिनी बोलण्यात अशी चार अक्षरी वचनं पावलोपावली येतात. त्यांना छंग्यू म्हणतात. अनेकांच्या मागे एखादा जुना ग्रंथ आणि त्यातली एखादी गोष्ट असते. व्याकरणाचे सांधे गळून पडतात आणि चार शब्द तेवढे उरतात. या वचनातले चार शब्द : हरवणं, मेंढी, दुरुस्त करणं, कोंडवाडा. नुसती आजची चिनी शिकलेला माणूस तर 'मेंढी मेली, तुरुंग दुरुस्त करा' असंच वाचेल, कारण पहिल्या आणि शेवटच्या अक्षराचा अर्थ मधल्या काळात तसा सरकला आहे. मला जुना अर्थ पाठ होता. मेंढी गेली, मग कोंडवाडा नीट केला. आणि माझ्या जिभेवर क्षणात आपली म्हण आली.

"ते म्हणतात, बैल गेला आणि झोपा केला."

चित्र तेच आहे. जनावर गेलं आणि मग माणूस दाराला भिडला. पण आपण ही म्हण वापरतो ती 'आता काय उपयोग' असं सांगायला. चिनी वचन बरोबर उलट सांगतं. ते 'युद्धरत राज्यांचे डावपेच' या जुन्या ग्रंथातून येतं. छू राज्याच्या राजाला च्वांग शिन नावाच्या मंत्र्याने वेळीच सावध केलं होतं. राजाने ऐकलं नाही, तेव्हा तो छू सोडून चाओ राज्यात जाऊन राहिला. काही महिन्यांतच शत्रू असलेल्या छिन राज्याच्या सैन्याने छूची राजधानी घेतली (इ.स.पू. 278). राजाने त्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, आता काय करू? तो म्हणाला, ससा दिसल्यावर कुत्र्याला हाक मारली तरी उशीर झालेला नसतो, मेंढी हरवल्यावर कोंडवाडा दुरुस्त केला तरी उशीर झालेला नसतो. चार अक्षरांत 'उशीर झालेला नाही' हे शब्द नाहीत, पण चिनी माणसाला ते ऐकू येतात. लाओपान म्हणत होते, "अजून सावरता येईल, मी सावरतो." आणि मी साहेबांना सांगितलं होतं, "तुमचं गेलं ते गेलं."

अशा वेळी दुभाष्याने काय करायचं ते शिकवलेलं असतं. मी पेन खाली ठेवलं आणि आधी चिनीत, मग मराठीत सांगितलं, "दुभाषीने चुकीचा अर्थ सांगितला. ती दुरुस्त करते आहे." मग दोन्ही म्हणींमधला फरक मराठीत सांगितला. साहेब काही क्षण गप्प राहिले. "म्हणजे आपल्याकडे बैल गेला की म्हण संपते, यांच्याकडे तिथून सुरू होते," ते म्हणाले. मी ते वाक्य जसंच्या तसं चिनीत सांगितलं. लाओपान पहिल्यांदा मान वर करून साहेबांकडे बघत राहिले.

पण विश्वास असा लगेच परत येत नाही. पैशांवरून गाडी पुन्हा अडली आणि जेवणाची सुट्टी झाली.

जेवणानंतर लाओपान एकटेच आले, हिशेबनिसाला न घेता. उभे राहिले आणि म्हणाले, "फू चिंग छिंग त्स्वै."

ही चार अक्षरं हान्तानच्या माणसाने हान्तानमध्ये म्हणणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. हान्तान ही चाओ राज्याची राजधानी होती आणि ही गोष्ट इथेच घडली. लिन श्यांगरू हा साध्या चाकरीतून वर आलेला माणूस. छिनच्या राजाने चाओकडचं मौल्यवान जेड 15 शहरांच्या बदल्यात मागितलं, तेव्हा त्याचा कावा ओळखून लिनने ते सुखरूप परत आणलं. पुढे दोन्ही राजांच्या भेटीत त्याने आपल्या राजाची अब्रू राखली. त्याला सेनापती ल्येन फोपेक्षा वरचं पद मिळालं. ल्येन फोने आयुष्य रणांगणावर घालवलेलं. तो सगळ्यांना सांगत सुटला की हा समोर आला तर मी त्याचा पाणउतारा करीन. लिन दरबारात जाणं टाळू लागला. रस्त्यात सेनापती दिसला तर रथ वळवून घ्यायचा. ज्या बोळात रथ वळवला म्हणतात, ती जागा हान्तान शहरात आजही दाखवतात. नोकरांना लाज वाटली. लिन त्यांना म्हणाला, मी छिनच्या राजावर ओरडलो, मग सेनापतीला भिईन का? आम्ही दोघे आहोत म्हणून छिन चाओवर चाल करत नाही. दोन वाघ भांडले तर दोघेही जगणार नाहीत. हे ल्येन फोच्या कानावर गेलं. त्याने अंगातलं वस्त्र उतरवून खांदे उघडे केले, पाठीवर 'चिंग' बांधलं आणि लिनच्या दारात जाऊन अपराधाची शिक्षा मागितली. इतिहासकार स-मा छ्येनने हे सगळं लिहून ठेवलं आहे.

हा 'चिंग' म्हणजे काय? मी शिकले तेव्हा 'काटेरी फांद्या' असं उत्तर वहीत लिहून घेतलं होतं आणि कित्येक वर्षं तेच सांगत आले होते. त्या दिवशीही तेच सांगितलं, "पाठीवर काटेरी फांद्या बांधून ते माफी मागतात." गोष्टही सांगितली. एरवी मी गोष्ट सांगत नाही. बोलणाऱ्याच्या शब्दांत भर घालणं म्हणजे सापाच्या चित्राला पाय काढणं, त्यालाही चिनीत चार अक्षरं आहेत. पण सकाळच्या चुकीनंतर या चार अक्षरांना नुसतं 'सॉरी' म्हणायची माझी हिंमत नव्हती.

साहेबांनी गोष्ट शांतपणे ऐकली. "काटे टोचून घेतले, म्हणजे स्वतःला त्रास करून घेतला. त्याने माझं काय भरून येणार, ताई?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेवढ्यात लाओपानच्या बायकोने मधाच्या दोन बरण्या आणून ठेवल्या. पश्चिमेला थायहांगच्या डोंगरांत होणारा मध, पाहुण्यांना द्यायचा. लेबलवर फांदीचं रंगीत चित्र होतं : हाताच्या पंजासारखी पाच पानं, वर निळसर जांभळ्या फुलांचा तुरा. साहेबांनी चष्मा लावला.

"ही तर निर्गुडी!"

जुन्नरकडच्या त्यांच्या घराच्या बांधावर ती होती. गुडघे धरले की आई तिचा पाला गरम करून शेकायची. पानांच्या कडा इथे जरा जास्त कातरलेल्या, एवढाच फरक. मी लेबल वाचलं. अक्षर तेच होतं, चिंग. माझा विश्वास बसेना, म्हणून लाओपानना विचारलं, ल्येन फोच्या पाठीवरचा चिंग तो हाच का? ते म्हणाले, हाच. डोंगरावर सगळीकडे आहे, टोपल्या विणतात, पूर्वी याच्याच छड्यांनी गुन्हेगाराला फटके मारत.

"अहो, पण निर्गुडीला काटे कुठे असतात?" साहेब म्हणाले.

काटे नसतातच. ल्येन फोने स्वतःला टोचून घेतलं नव्हतं. ज्याने मारायचं ती छडी तो समोरच्याच्या दारात घेऊन गेला होता. मी दुसऱ्यांदा पेन खाली ठेवलं आणि दुसऱ्यांदा स्वतःची चूक दुरुस्त केली. "लाओपान म्हणतात, अपराध माझा, छडी ही घ्या, शिक्षा तुम्ही ठरवा."

साहेब बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक अट सांगितली. नवा माल कारखान्याच्या खर्चाने. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल भट्टीत, आणि प्रत्येक घाणीच्या तापमानाचा आलेख सोबत. निघण्याआधी नमुन्याचे बोल्ट 48 तास आवळून ठेवायचे. ग्राहकाच्या यंत्राच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च. मी सांगत गेले, लाओपान स्वतः लिहीत गेले. शेवटच्या अटीशी ते थांबले. मला वाटलं आता घासाघीस होणार.

"अर्धा नाही," ते म्हणाले, "पूर्ण."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नीट ऐकलं का, असं त्यांना विचारायचं होतं. मी पुन्हा विचारून खात्री केली आणि मग सांगितलं.

हान्तानच्या स्टेशनवर गाडीला चाळीस मिनिटं होती. साहेबांनी मधाची बरणी स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवली आणि ती चार अक्षरं सुटी करून मागितली. मी सांगितली. फू म्हणजे पाठीवर घेणं. चिंग म्हणजे निर्गुडी. छिंग म्हणजे मागणं. त्स्वै म्हणजे अपराध. त्यांनी चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. तिसऱ्या अक्षराचा सूर काही जमेना. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका आजीबाईंनी तो म्हणून दाखवला, आणि मग दोघे मिळून म्हणू लागले. मी बॅगेतून जुनी वही काढली आणि 'काटेरी' शब्दावर रेघ मारली.