कवच म्हणताना

आश्विन शुद्ध द्वितीया

घट बसले की घरोघरी सप्तशतीचे, म्हणजे देवीमाहात्म्याच्या सातशे श्लोकांचे, पाठ सुरू होतात, आणि वेळ कमी पडला की पहिली गदा येते देवीकवचावर, म्हणजे देवीच्या एकेका नावानं अंगाच्या एकेका भागाचं रक्षण मागणाऱ्या स्तोत्रावर. नुसती नावंच आहेत म्हणून ते भराभर उरकलं जातं. मला हे फार खटकतं. आधी कवच, मग सप्तशती, हे कवचाच्याच फलश्रुतीत आलंय: ‘जपेत्सप्तशतीं चण्डीं कृत्वा तु कवचं पुरा’.

त्यातल्या प्रत्येक नावाला जागा आहे. आधी शैलपुत्रीपासून सिद्धिदात्रीपर्यंत नवदुर्गा, मग आपापल्या वाहनांवरच्या मातृका, म्हणजे मातृदेवता. नंतर दिशा: पूर्वेला ऐंद्री, दक्षिणेला वाराही, असं फिरत ईशान्येला शूलधारिणी, वर ब्रह्माणी, खाली वैष्णवी. पुढे जया, मागे विजया, डावीकडे अजिता, उजवीकडे अपराजिता. एवढा वेढा पडल्यावर शेंडीपासून तळपायापर्यंत एकेक अवयव, आणि तिथेही न थांबता नखं, त्वचा, रक्त, हाडं, आतडी, पित्त, कफ, पंचप्राण. यातूनही एखादी जागा राहिलीच, तर तिच्यासाठी वेगळा श्लोक: ‘रक्षाहीनं तु यत्स्थानं वर्जितं कवचेन तु’. किती काळजीनं रचलंय! म्हणून वेग इतकाच असावा, की नाव घेताना लक्ष त्या जागी पोचेल.

घोटाळा हमखास होतो तो नाकापाशी. ‘यमघण्टा च नासिके’ आणि पुढे ‘नासिकायां सुगन्धा च’, असं नाक दोनदा येतं. पाठ म्हणणारा पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेला, की मधले डोळे, कान, गाल, कानांची मुळं सगळे सुटतात. कौमारीचंही तसंच, ती उत्तर दिशेला आहे आणि दातांनाही. काही प्रतींत उत्तरेला कौबेरी आहे. आपली प्रत एकच ठेवावी, दोन पाठ मिसळले की जीभ अडखळते.

छंद अनुष्टुप, आठ अक्षरांचा चरण. ‘दक्षिणेऽवतु वाराही’ यातल्या अवग्रहाचा, म्हणजे लोपलेला ‘अ’ दाखवणाऱ्या ‘ऽ’ या खुणेचा, ‘अ’ म्हटला तर नऊ अक्षरं होतात आणि चाल मोडते. ‘आग्नेय्यामग्निदेवता’ म्हणताना ‘आग्नेय्या’वर श्वास तोडला, तर पुढे ‘मग्निदेवता’ उरते. दम पुरत नसेल तर चरणाच्या शेवटी थांबावं. आणि ‘सुगन्धा च’ यातला ‘च’ आपल्या ‘तूच’मधला नाही, ‘चार’मधला आहे. ही मराठी जिभेची सवय मुद्दाम मोडावी लागते.

पोथी हातात धरू नये, चौरंगावर ठेवावी. मान डोलवणं, घाईनं म्हणणं, गाण्यासारखं आळवणं हे पाठाचे जुने सांगितलेले दोष आहेत. कवचाबरोबर सप्तशतीआधी अर्गला आणि कीलक ही स्तोत्रंही म्हणतात. त्यांच्या क्रमाबद्दल दोन परंपरा आहेत: कवच, अर्गला, कीलक, किंवा अर्गला, कीलक आणि मग कवच. घरात चालत आलेला क्रम बदलू नये.

ब्रह्मदेवाकडून हे कवच मागून घेणारे मार्कंडेय ऋषी आपल्याला लांबचे नाहीत. वणीच्या सप्तशृंगीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या मार्कंडेय डोंगरावर ऋषी सप्तशती म्हणतात आणि ती कान देऊन ऐकते, अशी श्रद्धा आहे.

रोज सप्तशती जमत नाही त्यांनी नुसतं कवच म्हणावं, सावकाश म्हटलं तरी पंधरा मिनिटांच्या आत होतं. मात्र विनियोगातलं, म्हणजे पाठ कशासाठी ते सांगणाऱ्या सुरुवातीच्या वाक्यातलं, ‘सप्तशतीपाठाङ्गत्वेन’ (सप्तशतीपाठाचं अंग म्हणून) तेवढं वगळावं, कारण तेव्हा ते दुसऱ्या पाठाचं अंग नसतं.