दीडशे सेंटचा घोळ आणि बाकीचे बेसूर ट्रॅक

सध्या संगणकावर सहा ट्रॅकची छोटी रचना बांधते आहे: पियानो, स्ट्रिंग्ज, सिंथ पॅड, फ्लूट, बास आणि काचेच्या पेल्यावर टिचकी मारून मी स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज. सगळं एकत्र वाजलं की कानाला टोचत होतं. आधीचा आठवडा मी प्रत्येक प्लगिनचं (संगणकातल्या वाद्याचं) फाइन ट्यून कानाने फिरवण्यात घालवला. एक जुळलं की दुसरं सुटायचं. म्हणून या वेळी ठरवलं, आधी मोजायचं आणि मगच बटणाला हात लावायचा.

मोजण्यासाठी रिकामा प्रोजेक्ट उघडला. एका ट्रॅकवर ४४० हर्ट्झची साधी साइन, दुसऱ्यावर वाद्य, आणि त्याला मिडी (वाद्याला काय वाजवायचं ते आकड्यांत सांगणारी भाषा) नोट ६९, जिचा सूर ४४०च यायला हवा. कोरस, व्हिब्रॅटो, युनिसन डीट्यून असे सूर हलवणारे सगळे परिणाम बंद, नाहीतर ट्यूनरचा काटा नाचत राहतो. ट्यूनर सेंटमध्ये वाचायचा. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. ट्यूनर नसला तरी कान पुरतो: ४४० आणि ४४२ सोबत वाजले की सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात.

फ्लूट पाच मिनिटांत सुटला. कुठल्याही सप्तकात वाजवा, साधारण ३२ सेंट उतरलेला. सगळीकडे फरक सारखाच, म्हणजे सॅम्पलमध्ये (वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांत) दोष नाही, संदर्भसूरच वेगळा. ४४० आणि ४३२ यांच्यातलं अंतर ३१.८ सेंट आहे. प्रीसेटच्या (आधीच जुळवून ठेवलेल्या सेटिंग्जच्या) आतल्या पानावर मास्टर ट्यून खरंच ४३२ वर होता. पेल्याचा दोषही साधाच निघाला: सॅम्पलरमध्ये रूट की (ज्या पट्टीवर सॅम्पल मूळ सुरात वाजतं ती) एक सप्तक चुकली होती. मिडी नोट ६० ला कुणी सी-३ म्हणतं, कुणी सी-४, त्यामुळे नावावर न जाता आकडा बघायचा.

खरे दिवस गेले ते स्ट्रिंग्ज आणि पॅडमध्ये. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही बिनचूक. मूळ प्रोजेक्टमध्ये स्ट्रिंग्ज २५ सेंट उतरलेल्या आणि पॅड तब्बल दीड अर्धस्वर खाली. दीड अर्धस्वर म्हटल्यावर मला लगेच सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं साठवली जातात तो आकडा) आठवला. ४८,००० चा आवाज ४४,१०० ने वाजवला की सूर जवळपास १४७ सेंट उतरतो, हे गणित असं काम करणाऱ्या बऱ्याच जणांना पाठ असतं. ऑडिओ इंटरफेसची (संगणकातला आवाज स्पीकरकडे नेणाऱ्या उपकरणाची) सेटिंग्ज, प्रोजेक्टचा रेट, सॅम्पल फायलींचे रेट, सगळं दोन संध्याकाळी तपासलं. सगळं जुळत होतं.

तिथे मी दोन खुणा नजरेआड केल्या होत्या, त्या सविस्तर लिहिते. पहिली: प्रोजेक्ट आणि इंटरफेस यांच्या रेटमध्ये तफावत असेल तर सगळेच ट्रॅक सरकतात आणि लयही बदलते. इथे दोनच वाद्यं सरकली होती, लय जशीच्या तशी. दुसरी खूण अधिक उपयोगाची आहे. अशा तफावतीत प्रोजेक्टच्या आतला ट्यूनर ४४० च दाखवतो, कारण सॉफ्टवेअरच्या हिशेबात काही चुकलेलंच नसतं. आवाज बाहेर पडताना बदलतो. म्हणून स्पीकरसमोर फोनवरचा ट्यूनर धरायचा. आतला बरोबर आणि बाहेरचा चूक असेल तर दोष इंटरफेसच्या बाजूला. दोन्ही एकच चूक दाखवत असतील तर दोष प्रोजेक्टमध्येच. माझे दोन्ही ट्यूनर पॅडला खालीच दाखवत होते.

मग आकडा नीट वाचला. १४७ नव्हता, बरोबर १५० होता. आणि १५० म्हणजे २५ ची सहापट. स्ट्रिंग्जची पिच बेंड रेंज (सूर वर-खाली जास्तीत जास्त किती वाकतो ती मर्यादा) दोन अर्धस्वर, पॅडची बारा. तीही सहापट! मिडी मॉनिटर (येणारे मिडी आकडे दाखवणारी खिडकी) उघडला तर बेंडचा आकडा ७१६८ वर थांबलेला. मध्य असतो ८१९२. फरक १०२४, म्हणजे एका बाजूच्या पूर्ण बेंडचा आठवा भाग. २०० सेंटचा आठवा भाग २५ आणि १,२०० चा १५०. सगळं एका फटक्यात जुळलं, आणि तो क्षण मला या अख्ख्या महिन्यातला सर्वात आवडता वाटतो.

दोन्ही ट्रॅकवर एकाच क्लिपच्या (मिडी सुरांच्या तुकड्याच्या) प्रती होत्या. ओळीच्या शेवटी मी सूर खाली घसरवणारा बेंड काढला होता आणि तो मध्यावर परतायच्या आतच क्लिप कापली होती. प्लगिनला शेवटचा मिळालेला आकडा तसाच धरून बसायची सवय असते, त्यामुळे पहिल्या फेरीत सुरेल आणि लूप फिरला की बेसूर. आता क्लिपच्या अगदी सुरुवातीला शून्य बेंडचा, म्हणजे मध्याचा, बिंदू टाकते. चालू सत्रात अडकलं तर कंट्रोलर १२१, रीसेट ऑल कंट्रोलर्स, पाठवायचा. जे प्लगिन तो पाळतात, त्यांचा बेंड मध्यावर येतो. कीबोर्डचं पिच व्हील झिजून किंचित तिरकं थांबत असेल तरी हेच घडतं, तेव्हा मॉनिटर एकदा हात न लावता बघून घ्या.

पियानोला मात्र हात लावला नाही. वरच्या टोकाला तो काही सेंट चढलेला आणि खालच्या टोकाला उतरलेला मोजला गेला. खऱ्या पियानोच्या तारा ताठ असतात, त्यामुळे त्यांचे वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) अचूक पटींपेक्षा थोडे चढे निघतात आणि वाद्य जुळवणारे सप्तकंही किंचित ताणूनच लावतात. रेकॉर्डिंगमध्ये तो ताण उतरलाय. तो सपाट केला की पियानो निर्जीव वाटतो, मी करून पाहिलं. बासचा सिंथ मात्र गणिताने सरळ आहे, म्हणून सर्वात खालच्या सप्तकात दोघांना एकत्र वाजवणं टाळते आणि तिथे फक्त बास ठेवते.

उरला स्ट्रिंग्जमधला गंधार. सप्तकाच्या बारा समान विभागणीत तो षड्जापासून ४०० सेंटवर येतो, कंपनांच्या शुद्ध ५:४ प्रमाणाचा ३८६ वर. लांब धरलेल्या स्वरसंगतीत हे १४ सेंट मला आता सतत ऐकू येतात. पॅडच्या सर्ज एक्सटी या सिंथमध्ये स्काला फाइल (प्रत्येक स्वराचा सूर ठरवणारी फाइल) चढवून फक्त पॅडचा गंधार खाली आणला आहे, स्ट्रिंग्जचं प्लगिन ती फाइल घेत नाही. त्यांच्यासाठी गंधार वेगळ्या ट्रॅकवर काढून १४ सेंट उतरवते आहे. आठपैकी तीन ओळी झाल्या आहेत.