कैरो, लक्सर, आस्वान: एकटीने जाताना

इजिप्तमध्ये एकट्या बाईला फिरता येतं का, असं मी परत आल्यापासून बऱ्याच जणींनी विचारलं. येतं, आणि छान फिरता येतं. मात्र रस्त्यावरचा त्रास खरा आहे, आणि तो तिथल्या बायकांनाही चुकलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेच्या 2013 च्या पाहणीत जवळजवळ प्रत्येक इजिप्शियन स्त्रीने छेडछाड सोसल्याचं सांगितलं होतं. 2014 मध्ये तिथे छेडछाड कायद्याने गुन्हा ठरली, 2021 मध्ये शिक्षा आणखी वाढली. कैरोतल्या बायका हे रोज झेलतात आणि त्यातूनच कामाला जातात, बाजारहाट करतात, रात्री पोरांना घेऊन नाईलच्या काठी बसतात. म्हणून पुढे जाणाऱ्या प्रत्येकीला माझं पहिलं सांगणं एवढंच: त्या कुठे बसतात, कुठून जातात, कशा बोलतात ते बघा आणि तसंच करा.

सुरुवात मेट्रोपासून करा. 1987 पासून धावणाऱ्या या मेट्रोत प्रत्येक गाडीचे मधले दोन डबे बायकांचे असतात. रात्री नऊनंतर त्यातला एक सगळ्यांना खुला होतो. फलाटावर बायकांचा घोळका दिसेल तिथे उभं राहायचं. आत शिरल्यावर आपल्या लोकलच्या लेडीज डब्याची सवय असलेल्या कुणालाही परकं वाटणार नाही. क्लिपा आणि मोजे विकणाऱ्या बायका, भाजीच्या पिशव्या, दाराशी गप्पा मारणाऱ्या कॉलेजच्या मुली.

सादात स्टेशनात दार लागता लागता एक तरुण आमच्या डब्यात घुसला. समोर बसलेल्या एका प्रौढ बाईंनी मांडीवरची पिशवी शांतपणे खाली ठेवली, त्याच्याकडे बोट रोखलं आणि म्हणाल्या, "ऐब!" लाज नाही वाटत का, अशा सुरात. लगेच आणखी दोघी-तिघी तेच म्हणाल्या. कान लाल झालेला तो मुलगा पुढच्या स्टेशनात उतरून गेला. बाईंनी पिशवी परत मांडीवर घेतली आणि मला शेजारी जागा करून दिली.

हा शब्द पाठ करून जा. खान अल-खलिलीच्या बाजारात एकजण बराच वेळ मागे मागे येत होता, तेव्हा मी थांबून, वळून, मोठ्याने "ऐब अलेक!" म्हटलं. दोन दुकानदार बाहेर आले, त्यांनीच त्याला झापलं. चारचौघांत लाज निघणं तिथे फार लागतं, म्हणून हे जमेल ते वर्दळीच्या जागी. सुनसान गल्लीत वाद घालू नका, सरळ पहिल्या उघड्या औषधाच्या दुकानात शिरा. ही दुकानं जागोजागी आहेत, रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, आणि सॅनिटरी पॅडही तिथेच मिळतात.

कपड्यांची फार चिंता नको. आपला सुती, लांब कुर्ता, सैल सलवार आणि ओढणी यांत मी सगळीकडे फिरले. डोकं झाकण्याची सक्ती नाही. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिश्चनांची मोठी वस्ती आहे आणि कैरोत उघड्या डोक्याच्या बायका भरपूर दिसतात. मशिदीत मात्र ओढणी डोक्यावर घ्यायची. अल-अझरमध्ये दाराशीच पायघोळ झगा देतात. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदी बघायला जाऊ नका. एकच बघायची असेल तर इब्न तुलूनची बघा. 879 मध्ये पुरी झालेली, विस्तीर्ण अंगणाची, शांत. तिथे खांबाला टेकून तासभर बसले तरी कुणी हटकलं नाही. सबंध कैरोत मला सगळ्यात मोकळं तिथेच वाटलं.

लग्न झालंय का, नवरा कुठे आहे, हे प्रश्न टॅक्सीवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे विचारतात. मंगळसूत्र तिथे कुणाला ओळखू येत नाही, अंगठी येते. "नवरा हॉटेलवर वाट बघतोय" असं सांगायला मला जराही संकोच वाटला नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. टॅक्सी अ‍ॅपवरून बोलवा आणि मागच्या सीटवर बसा. पुरुषाशी हस्तांदोलन करायला आपणहून हात पुढे करू नका. त्याने छातीवर हात ठेवला तर आपणही तसंच करावं.

भारतीय म्हटलं की "अमिताभ बच्चन!" हा जयघोष ठरलेला. त्यातले बरेचसे मनापासून बोलतात. पण तहरीर चौकात कुणी आपणहून जवळ येऊन "म्युझियम आज बंद आहे" सांगू लागला, तर तो अत्तराच्या नाहीतर पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या कागदाच्या) दुकानात न्यायला आलाय असं समजा. पिरॅमिडपाशी फुकट उंट, फुकट फोटो काही नसतं. "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणा आणि चालत राहा, नजर देऊ नका.

शाकाहारी असाल तर मजा आहे. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, टोमॅटोची चटणी आणि वर कुरकुरीत कांदा, ही कोशरी पोटभर होते. फूल (शिजवून घोटलेला बाकला) आणि तामेया (बाकल्याचे तळलेले वडे) सकाळी कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतात.

लक्सरला त्रास वेगळ्या प्रकारचा, घोडागाडी आणि होडीवाल्यांचा. नाईलच्या पश्चिम काठावर जायला सगळ्यांसाठीची फेरीबोट आहे, तीच घ्या. संध्याकाळी फलूकात (शिडाच्या होडीत) एकट्या होडीवाल्याबरोबर जाऊ नका. हॉटेलात आणखी कुणी बायका किंवा कुटुंब असेल तर मिळून जा. आस्वान त्या मानाने निवांत आहे. फेरीबोटीत बायका एकत्र बसतात, आपण निमूट त्यांच्यात जाऊन बसायचं. माझ्या हातावरची मेंदी बघून तिथल्या एका आजींनी स्वतःचे रंगलेले तळहात पुढे केले. भाषा येत नसूनही काठ येईपर्यंत आमच्या गप्पा चालू होत्या. कैरोहून रेल्वेने येणार असाल तर तिकिटावरचं स्थानक नीट वाचा. लांबच्या गाड्या रामसेस, गिझा, बश्तील अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटतात.

रमजानमध्ये जाणार असाल तर दिवसा रस्त्यात खाणंपिणं टाळा. सूर्यास्ताआधीचा तास सगळं शहर घाईने घरी पळत असतं, टॅक्सी मिळत नाही आणि मिळाली तर जीव मुठीत धरून बसावं लागतं. त्याआधीच मुक्कामी पोचा. उपास सुटला की मात्र रस्ते बायकापोरांनी भरतात, मध्यरात्रीपर्यंत. एकटीने पायी हिंडायला मला तीच वेळ सगळ्यात बरी वाटली.

पर्यटक पोलिसांचा नंबर 126, नेहमीच्या पोलिसांचा 122, रुग्णवाहिकेचा 123. हॉटेलचा पत्ता अरबीत लिहून घेतलेला कागद पर्समध्ये ठेवा, फोनची बॅटरी संपली की तोच दाखवायचा.