बडी चुरा: गाभ्यातला खडा गेला!

मंडळी, भुवनेश्वरच्या गच्चीवरून खुशखबर. यंदाची बडी (वाटलेल्या उडीद डाळीची उन्हात वाळवलेली वडी) चुऱ्यासाठी तळून खलबत्त्यात घातली आणि पहिल्याच घावाला फुटली. मागच्या नोंदीतला तो टणक गाभा गेला!

त्या गाभ्याने जीव मेटाकुटीला आणला होता. बडी तळताना मस्त तांबूस व्हायची, पण ठेचली की मध्ये पिवळट खडा. चुऱ्यात तो दाताखाली आला की पखाळ, म्हणजे पाण्यात आंबवलेला भात, खायची मजाच जाते. आधी संशय उन्हावर होता. इथली हवा दमट, म्हणून जास्त वाळवून पाहिलं, पण खडा तसाच. मग शेजारच्या माउसींनी पीठ बोटावर घेतलं आणि म्हणाल्या, "हे फेटलंच नाहीये. चमचाभर पीठ पाण्यात सोडून बघ." पीठ तळाला गेलं.

खरी गोम तिथे होती. मिक्सरमध्ये उडीद डाळ बारीक होते, पण पातं फिरायला पाणी घालावं लागतं. पीठ सैल झालं की हवा धरत नाही. या वेळी डाळ भिजवून, सालं काढून, पाट्यावर जेमतेम पाण्यात वाटली आणि हात भरून येईपर्यंत एकाच दिशेने फेटली. पीठ पांढरंशुभ्र झालं, पाण्यावर तरंगलं. मीठ पिठात नाही, थेट चुऱ्यात. मिठाने बडी ओल धरते. वाळलेली बडी मोडून पाहिली तर आत सगळीकडे टाचणीच्या टोकाएवढी भोकं! किती वेळ नुसती बघत बसले.

चुऱ्यासाठी लसूण, हिरवी मिरची, मीठ आधी ठेचायचं, मग बडी भरडच ठेवायची. कांदा आणि कच्चं मोहरीचं तेल अगदी शेवटी, पान वाढल्यावर. रिफाइंड तेलात याला चवच येत नाही, आणि घाण्याचं तेल मिळत असेल तर दुसरं घेऊच नका.

आता कोहळा किसून घातलेली बडी करायची होती, २० मार्चच्या पखाळ दिवसासाठी. पण लिहिता लिहिताच सुचलं: आपल्या सांडग्यांची डाळ आपण भरड वाटतो, फेटत नाही. मटकीच्या डाळीचं पीठ असंच फेटलं तर? कोहळा थांबेल, थंडीचं ऊन आहे तोवर आधी हे. मटकीला उडदाचा चिकटपणा नाही, म्हणून थोडी उडीद डाळ मिसळावी म्हणते. कुणी केलं असेल तर प्रमाण कळवा, डाळ आज रात्री भिजत घालतेय.