‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला

प्रवेशाच्या मुलाखती असतात त्या दिवशी माझी खुर्ची दाराबाहेर असते. कागदपत्रं तपासायची, नावं पुकारायची, आत यादी द्यायची, एवढंच काम. पण पॅनेलला जो उमेदवार वीस मिनिटं दिसतो, तो मला त्याआधी तासभर दिसतो. आणि मुलाखत बिघडायची असली तर बहुतेक वेळा ती याच तासात बिघडते.

त्या दिवशी १४ जण होते. प्रत्येकी २० मिनिटं, दहाला सुरुवात. सुरुवातीलाच गाडं रखडलं आणि वेळापत्रक ३५ मिनिटं मागे पडलं. पाचव्या क्रमांकाच्या मुलीची वेळ ११.२०ची, ती पावणेअकरालाच येऊन बसलेली. शेजारी वडील. ते थोड्या थोड्या वेळाने हळूच म्हणायचे, “दीर्घ श्वास घे गं.” आणि ती घ्यायची. तोंड उघडं, खांदे कानाला भिडलेले, छाती भरून. अकरा-दहाला ती माझ्या टेबलापाशी आली. “मॅडम, बोटं बधिर झालीत. ओठांना मुंग्या येतायत. आणि मला काही म्हणजे काही आठवत नाहीये.”

गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. तो घटला की मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना आणि ओठांना मुंग्या येऊ लागतात. माणसाला वाटतं श्वास पुरत नाहीये, म्हणून तो आणखी मोठा घेतो. वडिलांच्या सल्ल्यात माया होती, पण तो आगीत तेल ओतत होता.

आधी विचारलं: दमा आहे का, छातीत दुखतंय का? दोन्ही नाही. (यातलं एक जरी ‘हो’ असतं, चक्कर येऊन ती पडली असती किंवा काही मिनिटांत आराम पडला नसता, तर थेट डॉक्टर. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी युक्ती करू नये. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर ती जिवावर बेतू शकते.) मग तिला बसवलं, दोन्ही पावलं जमिनीला टेकवून. तोंड बंद. नाकाने छोटासा श्वास, तीन अंक मोजून. सोडायचा मात्र पाच अंक मोजून, ओठ शिट्टीसारखे करून. खांदे हलता कामा नयेत. दोन-तीन मिनिटांत मुंग्या ओसरल्या. मग घेताना चार, सोडताना सहा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. मध्ये श्वास रोखायचा नाही. घाबरलेल्या माणसाला रोखलेला श्वास गुदमरवतो. मनगटावर बोट ठेवायला सांगितलं. श्वास घेताना नाडी जरा भरभर चालते आणि सोडताना मंदावते, हे तिला स्वतःच्या बोटाला कळलं. शांत करणारा भाग सोडण्यात आहे, हे मग वेगळं समजवावं लागलं नाही.

दुसरी चूक आमची. तोवर जो विचारेल त्याला “थोडंच राहिलंय” असं उत्तर मिळत होतं. यासारखं वाईट उत्तर नाही. दार करकरलं की बाहेरच्या सगळ्यांच्या छातीत धस्स होतं, आणि असं तासात दहा वेळा झालं तर आत जायच्या आधीच माणूस पिळून निघतो. मी तिला सरळ सांगितलं, “तुझ्याआधी अजून दोघं आहेत. पावणेबारापर्यंत तुझं नाव येत नाही.” ती वडिलांना घेऊन जिना चढ-उतर करायला गेली. घाबरल्यावर शरीर पळायची तयारी करतं, ती तयारी पायांनी खर्च केलेली बरी. तोंड कोरडं पडलं तर पाण्याचे घोट घ्यावेत, बाटली रिकामी करू नये. ज्याला कॉफीची सवय नाही त्याने त्या सकाळी ती सुरू करू नये. कॅफीनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात. आणि हाताची थरथर थांबावी म्हणून दुसऱ्या कुणाची गोळी तर मुळीच नको.

परत आल्यावर ती फाइल उघडून पाठ केलेली उत्तरं चाळू लागली. मी फाइल मिटायला लावली. पाठ केलेलं उत्तर मधूनच विचारलं की अडतं, कारण ते पहिल्या शब्दापासूनच सुरू होतं. त्यात काळजी मनातली जागा अडवते आणि शोधायला जागाच उरत नाही. हा विषय का निवडला, याचं फक्त पहिलं वाक्य तिला मोठ्याने म्हणायला सांगितलं. तीनदा. गळ्यातून एकदा आवाज निघालेला असला की आतला पहिला शब्द चिरकत नाही.

“पण मी घाबरलेय हे त्यांना दिसणारच ना?” दिसतं, पण आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी कमी. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच सांगून ठेवलेल्या वक्त्यांची भाषणं अधिक चांगली झाली होती. ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणंही फारसं कामाचं नाही. धडधडणाऱ्या छातीला ते खोटं वाटतं. ‘मला उत्सुकता आहे’ हे पटतं, कारण उत्सुकतेतही छाती तशीच धडधडते. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४च्या अभ्यासात भाषणापूर्वी ‘मी उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली.

बारा-पाचला तिचं नाव पुकारलं. दाराशी एवढंच सांगितलं: दाराच्या मुठीला हात लावलास की एक श्वास पूर्ण सोड, मग ढकल. प्रश्न संपू दे. उत्तराआधी दोन-तीन सेकंद गप्प राहिलीस तर ती तुला युगासारखी वाटतील, समोरच्यांना विचार करतेयस असं वाटेल. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार.

२५ मिनिटांनी बाहेर आली ती कपाळावर हात मारतच. अर्जात तिनेच लिहिलेल्या एका ओळीवर त्यांनी पाच मिनिटं विचारलं होतं, आणि ती ओळ आपण लिहिली होती हेच ती विसरली होती. आदल्या रात्री तिने तीन पुस्तकं चाळली होती, अर्ज नाही. पॅनेलच्या हातात पुस्तकं नसतात, अर्ज असतो. सुचेल तसं उत्तर दिलं म्हणाली, पण दिलं.

दुपारच्या सत्रात मी फळ्यावर आत असलेल्याचा क्रमांक लिहायला लागले, दर वेळी पुसून नवा. आठ लिहिला तेव्हा अकराव्या क्रमांकाच्या मुलाने वर पाहिलं, बोटांवर हिशेब केला आणि फाइल खुर्चीवर ठेवून जिन्याकडे निघून गेला.