सहापैकी चार पॅक

करारातली अट एका ओळीची होती. उणे ४० अंशांत रात्रभर ठेवलेल्या सहाही बॅटरी पॅकनी आपल्या क्षमतेच्या किमान ७० टक्के वीज द्यायची. दिली तर सरकारी अनुदानाचा तिसरा हप्ता सुटणार, नाही दिली तर अडकणार.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. विद्युतरसायन आणि बॅटऱ्या हा माझा विषय. संरक्षण क्षेत्रातल्या नव्या, यशाची खात्री नसलेल्या तंत्रज्ञानाचा प्रोटोटाइप बनवण्यासाठी केंद्र सरकार छोट्या कंपन्यांना अनुदान देतं, त्यातल्या एका प्रकल्पाच्या देखरेख समितीवर बाहेरची तज्ज्ञ म्हणून मला घेतलं होतं. कंपनीचं आणि योजनेचं नाव इथे देत नाही, तांत्रिक तपशीलही सांगता येईल तेवढाच सांगते. पण त्या दिवशी जे घडलं, ते अशा अनुदानाशी संबंध असलेल्या प्रत्येकाला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

या वाटेवर सरकारने गेल्या काही वर्षांत बराच पैसा आणला आहे. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी २०१६ पासून आहे. त्यात प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत मदत मिळते आणि एका प्रकल्पाची मर्यादा आधी १० कोटी होती, ती ५० कोटी झाली. २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाचं आयडेक्स सुरू झालं. तिथे स्टार्टअपला दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं आणि तेवढाच वाटा कंपनीने स्वतःचा घालायचा असतो. पुढे आयडेक्स प्राइममध्ये मर्यादा १० कोटींवर गेली, २०२४ मध्ये आलेल्या अदिती योजनेत २५ कोटींवर. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतला २५ टक्के हिस्सा उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांसाठी खुला करायचं जाहीर झालं. हे सगळं चांगलंच आहे. फक्त हा पैसा कुठल्या अटीवर सुटतो, याची चर्चा फार कमी होते. हप्त्याची अट कशी लिहिली आहे यावर कंपनी काय करणार, काय बोलणार आणि काय झाकून ठेवणार, हे बरंचसं ठरतं.

आमचा प्रकल्प होता उंचावरच्या चौक्यांसाठी. सियाचीनवर १९८४ पासून आपलं सैन्य आहे. तिथल्या काही चौक्या सहा हजार मीटरच्या आसपास आहेत आणि हिवाळ्यात पारा उणे ५० पर्यंत उतरतो. तिथे पोचणारी प्रत्येक वस्तू हेलिकॉप्टरमधून जाते नाहीतर माणसाच्या पाठीवरून. रेडिओ, कॅमेरे, टेहळणीची उपकरणं सगळी बॅटरीवर चालतात आणि लिथियम-आयन बॅटरी थंडीत हातपाय आखडते. तिच्यातल्या द्रवाचा एक मुख्य घटक, इथिलीन कार्बोनेट, एरवी साध्या खोलीच्या तापमानालाही घट्टच असतो, दुसऱ्या द्रावकांत मिसळून त्याला पातळ ठेवावं लागतं. पारा खूप उतरला की हे मिश्रण दाट होतं, आयन रेंगाळतात, अंतर्गत रोध वाढतो आणि भरलेली बॅटरीसुद्धा रिकामी असल्यासारखी वागते. शून्याखाली चार्ज करायला गेलं तर लिथियम ऋण टोकाच्या ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर धातू होऊन साचतं, ते धोकादायक.

बाहेरून हीटर लावता येतो, पण तो खूप वीज खातो आणि वजन वाढवतो. या कंपनीची कल्पना वेगळी होती. सेलच्या आतच निकेलचा अगदी पातळ पत्रा घालायचा. सुरुवातीला सेलने स्वतःचीच थोडी वीज त्यातून खेळवायची आणि आतून गरम व्हायचं. जगात या तत्त्वावर काम झालेलं आहे, पण आठ सेल एका रांगेत जोडून, हलक्या पेटीत बसवून, उणे ४० ला ते भरवशाने चालेल का हे कोणी सांगू शकत नव्हतं. अनुदान दिलं होतं ते याच प्रश्नासाठी.

चाचणी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत होती. आदल्या संध्याकाळी सहा पॅक क्लायमॅटिक चेंबरमध्ये ठेवून दाराला सील लावलं होतं. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा कॉम्प्रेसर घरघरत होता आणि काचेच्या खिडकीच्या कडेने बर्फाची पांढरी किनार धरली होती. समितीत अध्यक्ष म्हणून एक निवृत्त शास्त्रज्ञ, वित्त विभागाचे प्रतिनिधी, वापरकर्त्या दलाकडून एक कर्नल आणि मी. कंपनीकडून प्रकल्पप्रमुख आणि तिचे सहकारी. ही मुलगी तिशीच्या आतबाहेरची, कामापुरतं बोलणारी.

पहिला पॅक चालू केला. स्क्रीनवर आठ सेलच्या व्होल्टेजच्या आठ रेषा. आधी सगळ्या झपकन खाली गेल्या, कारण पत्रा तापत होता. मग तापमानाचा आकडा चढायला लागला. उणे ३०, उणे १५, शून्य. मिनिटभरातलं काम. लोड लावला आणि आठही रेषा एकमेकींना चिकटून सरळ चालू लागल्या. इतकी वर्षं या विषयात आहे, पण रात्रभर उणे ४० मध्ये गोठलेली बॅटरी अशी उठून उभी राहताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पहिल्या पॅकने ७८ टक्के दिले. दुसराही पास झाला.

तिसऱ्यात सुरुवात तशीच झाली. मग सात रेषा एकत्र राहिल्या आणि आठवी हळूहळू खाली झुकायला लागली. थोड्या वेळाने ती धाडकन पडली आणि बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने अख्खा पॅक बंद केला. ३१ टक्के. हे बंद पडणं बरोबरच होतं. रांगेतला एक सेल रिता झाल्यावरही बाकीचे त्याच्यातून वीज रेटत राहिले तर तो उलटा चार्ज होतो, फुगतो, पुढे काहीही होऊ शकतं. पाचव्या पॅकमध्ये पुन्हा तेच झालं. चौथा आणि सहावा व्यवस्थित.

म्हणजे सहापैकी चार.

अध्यक्ष भले गृहस्थ. त्यांनी स्वतःहून वाट काढून दिली. "दोन पॅकच्या जोडणीत काहीतरी दोष राहिला असेल. राखीव पॅक आणले आहेत ना? ते लावू, आज रात्री पुन्हा ठेवू, उद्या बघू." नियमात हे बसत होतं. बांधणीचा दोष असेल तर नमुना बदलायची मुभा करारात होती.

ती म्हणाली, "सर, राखीव पॅक कदाचित पास होतील. पण हा जोडणीचा दोष नाही. आमच्याकडच्या चाचण्यांतही प्रत्येक वेळी कडेचाच सेल पडलाय. डिझाइनच चुकलंय."

आणि तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. कारखान्यात घेतलेल्या चाचण्यांचे आलेख होते, पास झालेले आणि न झालेले, सगळे. पडणारी रेषा नेहमी पहिल्या नाहीतर आठव्या सेलची. टोकाचे सेल पेटीच्या भिंतीला लागून असल्यामुळे त्यांची उष्णता बाहेर जात होती. तापमान मोजणारे सेन्सर मात्र मधल्या सेलवर. मधला सेल शून्यावर आला की पॅक समजायचा, आपण तयार आहोत. टोकाचा सेल तेव्हा बराच मागे असायचा. आदल्याच आठवड्यात त्यांना हे उमगलं होतं, आणि सहा पॅक तोवर बांधून सीलबंद झाले होते.

ती काय गमावते आहे हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. कंपनीने आपला वाटा कर्ज काढून घातला होता. तिसऱ्या हप्त्यातून सेल पुरवणाऱ्याचं बिल आणि पगार भागायचे होते. गप्प बसली असती तर दुसऱ्या दिवशी पैसे मोकळे व्हायची चांगली शक्यता होती.

वित्त विभागाचे प्रतिनिधी शांतपणे म्हणाले की आता त्यांच्या हातात काही उरलं नाही. दोष डिझाइनचा आहे असं कंपनीच सांगते, म्हणजे नमुना बदलता येत नाही, अट पुरी झाली नाही, हप्ता नाही. त्यांचं चुकत नव्हतं. अनुदानाच्या विनियोग प्रमाणपत्रात, म्हणजे जीएफआर १२-अ मध्ये, पैसा मंजूर कारणासाठीच वापरला आणि मंजुरीच्या अटी पाळल्या गेल्या असं लिहून द्यावं लागतं. अट पुरी न होता शिफारस केली तर पुढे ऑडिट पॅरा, म्हणजे लेखापरीक्षणातला लेखी आक्षेप, निघतो आणि उत्तर सही करणाऱ्याला द्यावं लागतं. तेजस या लढाऊ विमानासाठीच्या कावेरी इंजिनाचा दाखला त्यांनीच दिला. १९८९ मध्ये मंजूर झालेला प्रकल्प, खर्च वाढत गेला, शेवटी २००८ मध्ये तेजसपासून वेगळा करावा लागला. असे आक्षेप ज्यांनी वाचले आहेत, त्यांची भीती मला समजते.

पण माझा मुद्दा वेगळा होता आणि तो मी जोर लावून मांडला. या प्रकल्पातली खरी जोखीम होती ती सेल आतून तापवण्याची कल्पना पॅकमध्ये चालते का, ही. ती चालते हे सकाळी आपण सगळ्यांनी पाहिलं. उरलं आहे ते सेन्सरची जागा बदलणं आणि टोकांना नीट उष्णतारोधक आवरण घालणं. हे नेहमीचं अभियांत्रिकी काम आहे. सरकारने पैसा अनिश्चितता कमी करण्यासाठी दिला होता आणि ती कमी झाली आहे. उलट, राखीव पॅक लावून सहापैकी सहाचा आकडा कागदावर आला असता, तर तीच चूक चौकीवर पोचली असती.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या डार्पा या संशोधन संस्थेचं उदाहरणही मी दिलं. २००४ च्या मार्चमध्ये त्यांनी मोहावीच्या वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची शर्यत लावली. अंतर १४२ मैलांचं, बक्षीस दहा लाख डॉलरचं. सगळ्यांत पुढे गेलेली गाडी साडेसात मैलांच्या आतच अडकली. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. त्यांनी रक्कम दुप्पट करून शर्यत पुन्हा लावली आणि २००५ मध्ये पाच गाड्या शेवटपर्यंत पोचल्या. पहिल्या वर्षी कोण कुठे आणि का अडकलं हे सगळ्यांसमोर होतं, दुसऱ्या वर्षाची तयारी त्यावरच झाली.

कर्नलसाहेब तोवर फारसं बोलले नव्हते. त्यांनी बॅगेतून जाड हातमोजे काढले, चढवले आणि पास झालेला एक पॅक चेंबरमधून काढून मागितला. मग कनेक्टर लावायला गेले. त्याची फिरवायची कडी बोटाच्या पेराएवढी. मोज्यांतून ती पकडीतच येईना. दोनतीनदा घसरली. उणे ४० ला उघड्या हाताने धातू धरायचा नसतो, एवढंच म्हणून त्यांनी पॅक खाली ठेवला. ते म्हणाले, सहाच्या सहा पास झाले असते तरी मी हा पॅक वर नेला नसता. जवान आजही बॅटऱ्या अंगावरच्या कपड्यांत ठेवून गरम करतात आणि ते थांबावं म्हणूनच मी इथे येऊन बसलोय. मोज्यांनी कनेक्टर लागला पाहिजे हे करारात कुठेच नव्हतं. ज्या अटीवरून आम्ही सकाळपासून भांडत होतो, ती अट पुरी होऊनही चौकीला उपयोगाचा पॅक मिळाला नसता.

यानंतर चर्चेचा सूर बदलला. दुपार उलटून गेली तरी मिनिट्सचा मसुदा चालूच होता आणि सगळ्यांत जास्त मेहनत त्यावर घेतली वित्त विभागाच्याच प्रतिनिधींनी. शेवटी शिफारस अशी ठरली: तिसऱ्या टप्प्याचे दोन भाग करावेत. पहिला भाग म्हणजे ठरलेली चाचणी समितीसमोर पूर्ण करणं, स्वतःच्या चाचण्यांसकट सगळा विदा (डेटा) सुपूर्द करणं आणि अपयशाचं कारण सिद्ध करणारा अहवाल देणं. त्यासाठी हप्त्याचा काही हिस्सा. दुसरा भाग म्हणजे नव्या रचनेच्या सहा पॅकची तीच चाचणी आणि मोजे घालून जोडणी. उरलेली रक्कम त्यानंतर. एकूण अनुदान तेवढंच, मुदत मात्र वाढवलेली. करारदुरुस्तीला वरिष्ठांची मंजुरी मिळेपर्यंत एक पैसाही सुटणार नाही, हेही त्यांनी लिहून घेतलं.

मंजुरी मिळाली, पण यायला महिने लागले. तेवढ्यात कंपनीतले दोघं नोकरी सोडून गेले, त्यातला एक तो पत्रा बसवण्याची हातोटी असलेला. खरं बोलल्याची किंमत त्या कंपनीने मोजली. ती तिने मोजायला नको होती असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. रक्कम एवढी मोठी असताना अटी लिहायच्या वेळीच चाचणी पुरी करणं आणि चाचणी पास होणं यांचे पैसे वेगवेगळे धरता येतात. पहिल्या बैठकीला बोलावलं तर मी आता तेच मागते. प्रत्येक वेळी मिळतं असं नाही.

नव्या रचनेचे पहिले दोन पॅक मी मध्यंतरी पाहिले. सेन्सर टोकांच्या सेलवर गेले आहेत आणि कनेक्टरच्या कडीऐवजी रुंद पट्टीची खिटी आली आहे. समितीसमोरची चाचणी अजून व्हायची आहे. कर्नलसाहेबांची दरम्यान बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी जुना अहवाल मागवला, तेव्हा मी तो पास न झालेल्या चाचण्यांच्या आलेखांसकट पाठवला आणि नवीन पॅक बघायला येताना हातमोजे आणावेत असं कळवलं.