फोंड्यातला रीफ टँक: थंडीतली ऑनलाइन खरेदी

मागच्या नोंदीनंतर माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या पेटीत, बरीच भर पडली, तेव्हा आधी आकडे. तीन फुटी टँक, खाली संप (फिल्टरची टाकी), सगळं मिळून साधारण २०० लिटर पाणी. क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ), तापमान २६ ते २७, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळायची क्षमता) ८.३ डीकेएच, कॅल्शियम ४२०, नायट्रेट ५ ते १० च्या दरम्यान, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास. नायट्रेट शून्यावर आणायच्या नादी मी लागत नाही. सॉफ्ट (दगडी सांगाडा नसलेल्या) कोरलला थोडं खातंपितं पाणीच मानवतं, आणि शून्य-शून्य करून बसलेल्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा तपकिरी चिकटा कसा माजतो हे ज्यांनी पाहिलंय ते या बाबतीत वाद घालणार नाहीत.

या थंडीत आलेला माल असा: निरनिराळ्या रंगांचे झोआ (बटणासारख्या पॉलिपांचे झुबके; पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक जीव), डिस्कोसोमा आणि रोडॅक्टिस मशरूम (चपटे, तबकडीसारखे), आणि एक टोडस्टूल लेदर (छत्रीच्या आकाराचा सॉफ्ट कोरल). सगळं ऑनलाइन. मशरूम पिशवीतून बाहेर काढलं तेव्हा आईने एकदा बघून घेतलं आणि म्हणाली, "अरे, पैसे देऊन शेंबूड विकत घेतलास काय?" दुसऱ्या दिवशी तेच तळहाताएवढं पसरलं, तरी तिचं मत काही बदललं नाही.

हॅमर, टॉर्च, अॅक्रोपोरा हे दगडी कोरल का नाहीत, असं दर वेळी कोणीतरी विचारतंच. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे स्क्लेरॅक्टिनिया आले, म्हणजे दगडी सांगाडा बांधणारे. एसपीएस (लहान पॉलिपचे) असोत नाहीतर एलपीएस (मोठ्या पॉलिपचे). सोबत ब्लॅक कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅनही. वाघ आहे त्याच अनुसूचीत. विक्रेता छातीठोकपणे सांगतो, "इम्पोर्टेड आहे, फार्मचं आहे." असेल, पण मग सायटिसचे (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचे) कागद दाखव म्हटलं की संभाषण थंडावतं. त्यात २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सायटिसच्या परिशिष्टांतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यावरच नोंदणीची जबाबदारी आली. म्हणजे प्रश्न फक्त विकणाऱ्याचा उरला नाही. झोआ, मशरूम आणि टोडस्टूल या याद्यांत नाहीत, म्हणून मी तिथेच थांबतो. बिल मात्र मागून घेतो, आणि त्यावर 'असॉर्टेड कोरल' असं मोघम न लिहिता जातीचं नाव लिहायला लावतो. टँकमधला खडकही सिरॅमिकचा आहे. किनाऱ्यावर सापडलेला कोरलचा पांढरा तुकडा मेलेला असला तरी कायद्याच्या बाहेर नसतो.

गोव्याच्याच ग्रँड आयलंडला स्कुबा करून आलेला एक मित्र म्हणाला, "कोरल आपल्याकडेच आहे की, कशाला पैसे घालवतोस?" आहे खरं. पावसात मांडवी-झुआरीचा गाळ अंगावर घेऊन ते तिथे तग धरतं, आणि दोना पावलाच्या एनआयओतले (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले) लोक त्याचा अभ्यास करतात. त्यांना तेवढं सुखाने करू द्यावं.

आता विक्रेता निवडण्याबद्दल, कारण सगळी गोम तिथेच आहे. फोटोवर माझा काडीचा विश्वास नाही. २०,००० केल्विनचा निळा प्रकाश, कॅमेऱ्यावर नारिंगी फिल्टर, वर मोबाइलमध्ये थोडं सॅच्युरेशन, की साधा तपकिरी पॅलीसुद्धा (झोआचाच भाऊबंद) लिंबासारखा चमकतो. म्हणून मी पांढऱ्या प्रकाशातला फोटो मागतो. हाच तुकडा येणार की 'याच्यासारखा', पॉलिप किती, फ्रॅग (मोठ्या कोरलचा तुकडा) कापून किती दिवस झाले, तुमच्याकडे येऊन किती दिवस झाले, हे विचारतो. कालच कापलेल्या फ्रॅगला आजच प्रवासाला धाडणारा विक्रेता मला नको. निदान आठवडाभर जखम भरू द्यावी. शेवटचा प्रश्न क्षारतेचा. ज्याला स्वतःच्या सिस्टिमची क्षारता विचारल्यावर "नॉर्मल आहे सर" एवढंच सुचतं, त्याला मी पुढे काही विचारत नाही.

मेलेल्या मालाची भरपाई देताना बहुतेक जण न उघडलेल्या पिशवीचा फोटो मागतात, तोही पार्सल हातात पडल्यापासून ठरावीक तासांत. आठवड्याने विरघळलेल्या झोआला कोणी विचारत नाही. अटी आधी वाचाव्यात.

मार्ग माझा ठरलेला: बंगळूरूहून रात्रीची बस, अनमोड घाट उतरून मोले, धारबांदोडा, तिस्क, फोंडा. रात्रभरात माल हातात. कुरिअरची पेटी दोन दिवस कुठल्या गोदामात पडून राहील याचा नेम नसतो; बसवाल्याचा फोन नंबर तरी असतो. थर्माकोलच्या पेटीत पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून, डिसेंबर-जानेवारीत जेल पॅकचीही गरज लागत नाही. पेटी डिकीत इंजिनाच्या बाजूला ठेवू नका, एवढं विक्रेत्याने बसवाल्याला सांगितलं तर निम्मी काळजी मिटते. एका पार्सलला ते सांगायचं राहिलं असावं. पिशव्यांतलं पाणी चांगलंच कोमट लागलं. मशरूम वाचले, एक झोआ गेला, विक्रेत्याने कुरकुर न करता पैसे परत केले.

पिशवी आल्यावर थेंब-थेंब पाणी सोडत दोन तास अॅक्लिमेट करायची (कोरलला नव्या पाण्याची सवय लावायची) पद्धत मी सोडून दिली आहे. प्रवासात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. उतरलेल्या पीएचला असलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो आणि तेवढा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा अमोनिया होतो. कोरलचा अमोनिया माशाएवढा नसतो, पण त्याला त्याच पाण्यात तास न् तास ठेवून मिळवायचं काय? बंद पिशवी २० मिनिटं टँकमध्ये तरंगवायची, मग उघडून लगेच रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजायची. ३४-३५ असेल तर सरळ डिपमध्ये (कीड मारायच्या औषधी पाण्यात). ३२ च्या खाली असेल तरच वाटीवाटीने टँकचं पाणी घालत पाव तास. पिशवीतलं पाणी टँकमध्ये कधीच नाही.

डिपवर जरा थांबतो. आयोडीनचा डिप, टँकच्याच पाण्यात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, दहा मिनिटं. मधूनमधून मोठ्या ड्रॉपरने पाण्याचा फवारा. या वेळी एका झोआच्या बुंध्यातून न्यूडिब्रँक (झोआ खाणारी, शंख नसलेली समुद्री गोगलगाय) खाली पडला. ज्या पॉलिपवर जगतो त्याचाच रंग तो घेतो, त्यामुळे फ्रॅगवर असताना भिंग लावूनही दिसला नव्हता. डिपने तो मरतो, त्याची अंडी मरत नाहीत. पॉलिपच्या खालच्या अंगाला पांढरट वेटोळं दिसलं तर चिमट्याने खरवडायचं, आणि दिसलं नाही तरी पाच-सहा दिवसांनी पुन्हा डिप करायचा. विक्रेत्याचा प्लग (फ्रॅग चिकटवलेली छोटी चकती) मी ठेवतच नाही. आयप्टेसिया (तणासारखा माजणारा सी अॅनिमोन), व्हर्मेटिड गोगलगायी, शेवाळ, सगळी बिनबोलावलेली मंडळी त्याच्या भेगांत असतात. फ्रॅग सोडवून नव्या प्लगवर जेलवाल्या सुपरग्लूने चिकटवतो.

हे करताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. झोआ-पॅलींमध्ये, विशेषतः पॅलींमध्ये, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, आणि ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. कापताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर थेट इस्पितळ. पॅली चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात घालून साफ करणाऱ्यांची घरची माणसं वाफेने आजारी पडल्याची उदाहरणं जगभर आहेत. उकळू नका, सुका ब्रशही मारू नका.

क्वारंटाइनला २० लिटरची छोटी पेटी, स्पंज फिल्टर, अर्ध्या ताकदीचा दिवा. झोआ तिथेच उघडले. टोडस्टूल मात्र मिटून बसला आणि अंगावर मेणासारखी चकचकीत साय धरली. नवख्यांना वाटतं, गेला. तो कात टाकत असतो. प्रवाह वाढवला की साय सुटते आणि चार-आठ दिवसांत पॉलिप बाहेर येतात. लेदर पाण्यात स्वतःची रसायनंही सोडतो, म्हणून ती शोषून घ्यायला कार्बन (अॅक्टिव्हेटेड कोळसा) चालू ठेवला आहे. एक डिस्कोसोमा प्लग सोडून भटकायला निघालं होतं. त्याला मच्छरदाणीचं झाकण लावलेल्या डबीत खडीवर ठेवलं, आता त्याने पाय रोवला आहे.

पाण्याबद्दल मागे एकाने विचारलं होतं. आमच्या विहिरीचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ६० च्या आत, जांभ्या दगडाची कृपा. तरी आरओनंतर उरलेले क्षार टिपणारं डीआय रेझिन भराभर संपायचं. कारण हे पाणी आम्लधर्मी, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड भरपूर, आणि तो आरओच्या मेंब्रेनमधून आरपार जाऊन रेझिनचा अॅनायन (ऋण आयन टिपणारा) भाग खातो. आता पाणी आदल्या रात्री ड्रममध्ये काढून त्यात एअर स्टोन सोडतो. रेझिन दुपटीहून जास्त टिकतंय. मिठाच्या मोठ्या बादल्याही बंद. आपल्या दमट हवेत अर्धी बादली संपेपर्यंत उरलेल्याचा दगड होतो, आणि अशा मिठाने कालवलेल्या पाण्याची अल्कलिनिटी कमी भरते. लहान पाकिटं महाग पडतात, पण निदान मोजलेलं खरं निघतं.

थंडीत टँक गार ठेवायला पृष्ठभागावरचा पंखा पुरला. बाष्पीभवनावर चालणारा उपाय तो. जूनमध्ये हवाच पाण्याने भरलेली असते तेव्हा नुसता गोंगाट करतो. त्यामुळे चिलरचा (पाणी गार करणाऱ्या यंत्राचा) खर्च टळत नाही. चिलर इन्व्हर्टरवर घेणार नाही, फक्त रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर चढवणारा) आणि एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा). वीज गेल्यावर तापमान सावकाश चढतं, ऑक्सिजन त्याआधी संपतो.

फेब्रुवारीअखेर आणखी एक ऑर्डर, बहुधा रिकॉर्डिया (आणखी एक मशरूम). त्यानंतर पावसाळा सरेपर्यंत खरेदी बंद. मेमध्ये पिशव्या तापतात आणि जुलैत घाटात बस किती वेळ अडकेल याचा भरवसा नाही. हिरव्या झोआचा गालिचा मात्र आता प्लगवरून उतरून दगडावर चालला आहे. मार्चमध्ये कापणार आहे. फोंडा, पणजी, मडगाव पट्ट्यातल्या कोणाला हवा असेल तर डबा घेऊन या, आणि बदल्यात काय देणार तेही आधी सांगा. न्यूडिब्रँक सोडून काहीही चालेल.